एचआयव्ही: 'कोंडून ठेवा' ते 'आजच गोळ्या सुरू करा'

माणदेशी | रविवार, सकाळी १०.१२

कपाट आवरायला काढलं होतं. वरच्या खणात प्रशिक्षणाच्या चार जुन्या वह्या सापडल्या आणि आवरणं तिथेच थांबलं. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयात मी २००२ पासून एकोणीस वर्षं एचआयव्ही समुपदेशक होते. कंत्राटी. (त्यामुळे निवृत्त झाले असं म्हणता येत नाही, कंत्राट संपलं.)

२००२ची वही: "औषध नाही. धीर देणे. आहार सांगणे. निरोधचे प्रात्यक्षिक. पुढची तारीख देणे." पुढची तारीख कशासाठी, ते लिहिलेलं नाही.

२००४ची: "सीडी फोर २००च्या खाली गेल्यास औषध. जेजे, मुंबई."

२०१२ची: "३५०च्या खाली."

२०१७ची: "सीडी फोरची वाट पाहू नये. पॉझिटिव्ह आला की गोळ्या."

अक्षर चारही वह्यांत माझंच. सीडी फोर म्हणजे रक्तातल्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी. एचआयव्ही त्यांनाच खातो, म्हणून त्यांच्या संख्येवरून प्रतिकारशक्ती किती उरली ते कळतं. २००५ साली माझ्याकडे एक ट्रक ड्रायव्हर आला होता, सीडी फोर २६०. "अजून वेळ आहे तुमच्या औषधाला," असं सांगून मी त्याला परत पाठवला. नियम तसाच होता आणि मला तो बरोबरही वाटत होता. आठ महिन्यांनी भावाने उचलून आणला तेव्हा टीबी मेंदूपर्यंत गेला होता. आजच्या नियमाने त्याला पहिल्याच दिवशी गोळ्या मिळाल्या असत्या.

म्हणून हा धागा. हे नियम कोणी ठरवले, कशामुळे बदलले? इथे डॉक्टर आहेत, वकील आहेत, त्या काळात काम केलेली माणसं आहेत. मला जेवढं माहीत आहे त्यावरून माझं मत असं, की पहिली आठ-दहा वर्षं सरकार विषाणूच्या मागे नव्हतंच, माणसांच्या मागे होतं. चूक असेल तर सांगा.

सुरुवात मीच करते. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ साली, मद्रासमध्ये. मद्रास मेडिकल कॉलेजच्या डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी शोधला. त्या वेळी वरिष्ठांचा सूर असा होता की हा अमेरिकेतला रोग, आपल्याकडे कुठला यायला. निर्मलाने वेश्याव्यवसायातल्या बायकांचे रक्ताचे नमुने घेतले, घरच्या फ्रिजमध्ये ठेवले आणि रात्रीच्या गाडीने बर्फाच्या डब्यातून वेल्लोरला नेले, कारण तपासणीची सोय तिथे होती. सहा नमुने पॉझिटिव्ह आले. आता लक्षात घ्या, त्यातल्या बहुतेक बायका पोलिसांनी धरून सुधारगृहात ठेवलेल्या होत्या. पहिला नमुनाच बंद दाराआडून आला.

जाता जाता: सुनीतीताई माहेरच्या गायतोंडे, चामड्याचा व्यापार करणाऱ्या मद्रासच्या मराठी घरातल्या. पुढे त्यांनी काढलेल्या 'वायआरजी केअर'मधले वाय. आर. जी. म्हणजे त्यांचे वडील.

---

शीतपेटी | रविवार, सकाळी ११.०५

धाग्याबद्दल धन्यवाद ताई. मी रक्तपेढीवाला, त्यामुळे आमची बाजू सांगतो.

रक्तातला एचआयव्ही ओळखणारी एलायझा चाचणी १९८५मध्ये आली. आपल्याकडे दात्याच्या रक्ताची एचआयव्ही तपासणी बंधनकारक झाली १९८९ला. कागदावर. नव्वदीच्या सुरुवातीला मी ज्या पेढीत लागलो तिथे फाटकाबाहेर चहाची टपरी होती, तिथे सकाळपासून आमचे 'नेहमीचे' बसलेले असायचे. पैसे घेऊन रक्त देणारे. त्यातला एक जण महिन्यात दोनदा द्यायचा, दर वेळी नाव वेगळं. हिमोग्लोबिन बघायला लागलं की हात जोडायचा. किट संपली तर बाटली तशीच जायची, कारण पेशंट टेबलावर असायचा. हे मी आज लिहू शकतो, तेव्हा बोललो नाही.

बदल आला तो कोर्टामुळे. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ला निकाल दिला, रक्तपेढ्यांना परवाना सक्तीचा केला, राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषद नेमायला लावली आणि पैसे घेऊन रक्त घेणं बंद करायला सांगितलं. १ जानेवारी १९९८पासून बंद. आम्हाला वाटलं होतं आता रक्त कुठून आणायचं? पण त्यानंतरच गणेशोत्सव मंडळांची, कॉलेजांची शिबिरं जोरात सुरू झाली. टपरीवाल्याचा धंदा मात्र बसला.

---

बारदेशकर | रविवार, दुपारी १२.४०

'माणसांच्या मागे होतं' याचा सगळ्यात मोठा पुरावा आमच्या गोव्यात आहे.

डॉमनिक डिसोझा. आमच्या बारदेसातला, पर्रा गावचा मुलगा. वन्यजीव संरक्षणाच्या संस्थेत नोकरी, नियमित रक्तदाता. म्हणजे चांगलं काम करायला गेला आणि त्यातूनच त्याची तपासणी झाली. १४ फेब्रुवारी १९८९ला पोलिस घरी आले आणि घेऊन गेले. का, ते कोणी धड सांगितलं नाही. हॉस्पिटलात एका रजिस्टरात आपल्या नावापुढे काय लिहिलंय ते वाचून त्याला कळलं. मग बंद पडलेल्या टीबी सॅनेटोरियममध्ये एकट्याला ठेवला, बाहेर पहारा. ६४ दिवस.

हे बेकायदा नव्हतं, हीच तर गंमत. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात दुरुस्ती करून घेतली होती, की एचआयव्ही पॉझिटिव्ह माणसाला सरकारने वेगळं ठेवायलाच पाहिजे. त्याची आई लुसी मुंबई उच्च न्यायालयात गेली, वकील आनंद ग्रोव्हर. गावचे लोक मोर्चे काढून रस्त्यावर आले. कोर्टाने त्याला बाहेर सोडला खरा, पण शेवटच्या निकालात कायदा वैधच ठरवला. सरकारने तोवर 'ठेवायलाच पाहिजे'चं 'ठेवता येईल' केलं होतं.

नोकरी गेली. १९९२ला त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सुरू केली आणि त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत वारला. माझे वडील त्या मोर्चात होते. ते म्हणायचे, गावाने त्याला धरलं, हॉस्पिटलाने सोडलं.

---

वकिलीणबाई | रविवार, दुपारी २.१५

बारदेशकर, अगदी बरोबर. आणि गोवा एकटा नव्हता. १९८९लाच केंद्राने राज्यसभेत 'एड्स प्रतिबंधक विधेयक' आणलं होतं. सक्तीची तपासणी, डॉक्टरांनी नावं कळवायची, माणसाला वेगळं ठेवायचा अधिकार. विरोध इतका झाला की ते शेवटी मागे घेतलं. परदेशी विद्यार्थ्यांची, म्हणजे व्यवहारात आफ्रिकी विद्यार्थ्यांची, सक्तीने तपासणी त्याआधीच सुरू होती.

वळण कुठे आलं? माझ्या मते १९९७. मुंबई उच्च न्यायालयात 'एमएक्स विरुद्ध झेडवाय' असा एक खटला चालला. नावं अशी का, तर कोर्टाने पहिल्यांदाच पक्षकाराला नाव लपवून दाद मागायची मुभा दिली. माणूस एका सरकारी महामंडळात हंगामी कामगार. कायम करायची वेळ आली, वैद्यकीय तपासणीत एचआयव्ही निघाला, बाकी ठणठणीत. घरी बसवला. कोर्टाने सांगितलं, जो काम करू शकतो आणि ज्याच्यापासून कामावर इतरांना धोका नाही त्याला केवळ एचआयव्हीसाठी काढता येणार नाही. ज्या न्यायालयाने गोव्याचा कायदा उचलून धरला त्याच न्यायालयाने आठ वर्षांत हे म्हटलं.

नाव लपवायची मुभा ही छोटी गोष्ट वाटेल. पण त्याआधी हक्क मागायला कोर्टात जायचं म्हणजे कार्टातल्या बोर्डावर आपलं नाव आणि रोग दोन्ही लावून घ्यायचे. कोण जाणार?

---

वकिलीणबाई | रविवार, दुपारी २.१७

*कोर्टातल्या. टंकनाला माफी.

---

रोखठोक | रविवार, दुपारी ३.३०

सगळे एकाच सुरात बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो.

साथीच्या रोगात तपासा आणि वेगळं ठेवा हेच शास्त्र आहे. प्लेग, कॉलरा, परवाचा कोविड. तेव्हा कोणी मानवी हक्क काढले नाहीत. क्यूबाने १९८६पासून एचआयव्ही पॉझिटिव्ह लोकांना सक्तीने सॅनेटोरियममध्ये ठेवलं आणि त्यांच्याकडे लागण आजूबाजूच्या बेटांपेक्षा कितीतरी कमी राहिली. आपण मात्र गोपनीयता गोपनीयता करत बसलो आणि नवऱ्याकडून बायकोला, बायकोकडून बाळाला रोग जात राहिला. निदान लग्नाआधी तपासणी सक्तीची करायला काय हरकत होती? पत्रिका बघतो ना आपण?

---

माणदेशी | रविवार, संध्याकाळी ५.५०

रोखठोक, तुमचा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारायचं. बहुतेक वेळा मुलीचा बाप.

आधी क्यूबा. तिथे लोकसंख्या एक कोटीच्या आसपास, बहुतेक मोठ्या माणसांची तपासणी करून झालेली, आणि सॅनेटोरियममध्ये गेलेल्याला पूर्ण पगार, चांगलं जेवण, डॉक्टर. त्यांनीसुद्धा १९९३च्या सुमाराला दारं उघडली. आपल्याकडे गोव्यात एका माणसाला ठेवायचं तर बंद पडलेलं सॅनेटोरियम उघडावं लागलं. लाखोंना कुठे ठेवणार होतो? आणि एचआयव्ही कॉलऱ्यासारखा पाण्यातून येत नाही. शेजारी बसून, एका ताटात जेवून होत नाही. मग वेगळं ठेवून काय थांबतं?

लग्नाआधीची तपासणी. गोव्यात २००६च्या सुमाराला सक्तीचा विचार झाला होता, आपल्याकडेही अधूनमधून कोणी ना कोणी मागणी करतच असतं. अडचण अशी, की लागण झाल्यावर काही आठवडे चाचणीत काही दिसतच नाही, त्याला आम्ही विंडो पिरियड म्हणायचो. मुलगा निगेटिव्हचा कागद घेऊन मांडवात उभा राहतो आणि तो कागद जन्मभराचा दाखला समजला जातो. शिवाय सक्ती झाली की खोटे दाखले आलेच, शीतपेटींना विचारा.

पण तुमचं एक म्हणणं मी खोडणार नाही. एक बावीस वर्षांची मुलगी गरोदरपणाच्या तपासणीत पॉझिटिव्ह आली. नवरा आमच्याच केंद्राचा जुना पेशंट, लग्नाआधीपासूनचा. मला माहीत होतं, तिला माहीत नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "मॅडम, तुम्ही ह्यांना ओळखता?" आमच्या नियमात तेव्हा त्याचं उत्तर नव्हतं. आताच्या कायद्यात जोडीदाराला सांगण्याबद्दल कलम आहे. डॉक्टर किंवा समुपदेशक आधी त्या माणसाला समजावून, संधी देऊन, मग सांगू शकतो. तेव्हा ते असतं तर मी लग्नाआधीच सांगितलं असतं का? हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

बाळ निगेटिव्ह आहे. बाळंतपणाच्या वेळी आईला आणि बाळाला नेव्हिरापिनचा एकेक डोस द्यायचो, तेवढंच हातात होतं. २०१४पासून गरोदर बाईला सीडी फोर न बघता कायमची औषधं सुरू झाली. म्हणजे 'वाट पाहू नये' हा नियम आधी आयांना लागू झाला, बाकीच्यांना तीन वर्षांनी.

---

मिरज_जंक्शन | रविवार, रात्री ८.२०

सक्तीचा विषय निघालाच आहे तर १९९०ची गाडी आठवते का कोणाला? मुंबईच्या वेश्यावस्त्यांतून शेकडो तमिळ बायका उचलून रेल्वेने मद्रासला पाठवल्या. पेपरवाल्यांनी नाव दिलं 'मुक्ती एक्सप्रेस'. तिथे त्यांना कोंडलं, रक्त तपासलं, पॉझिटिव्ह निघालेल्या कित्येकींना तर सोडतच नव्हते. मुक्ती म्हणे.

आणि आता माझ्या जिल्ह्यातलं उलटं उदाहरण. सांगलीत मीना शेषू यांनी १९९२ला 'संग्राम' ही एचआयव्हीवर काम करणारी संस्था सुरू केली. आधी त्यांनाही वाटायचं की बायकांना समजावून सांगायला हवं. गोकुळनगर या तिथल्या वेश्यावस्तीतल्या बायकांनी त्यांना समजावलं, की गिऱ्हाईक निरोध वापरत नाही हा अडाणीपणाचा प्रश्न नाही. एकटी नाही म्हणाली तर तो शेजारच्या खोलीत जातो. सगळ्या नाही म्हणाल्या तर कुठे जाईल? मग निरोध वाटणं, आजारी बाईला दवाखान्यात नेणं, पोलिसांशी बोलणं हे सगळं बायकांनीच हातात घेतलं. १९९६ला त्यांची स्वतःची संघटना झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, 'व्हॅम्प'. कोलकात्यात सोनागाछीच्या वेश्यावस्तीत डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२पासून हेच केलं.

सरकारी भाषेत याला पुढे 'टार्गेटेड इंटरव्हेन्शन' म्हणाले आणि वस्तीतल्याच बाईला 'पीअर' म्हणून मानधन सुरू झालं. मानधन किती होतं ते विचारू नका.

एक मजा. पोलिस झडतीत निरोध सापडला की तोच धंद्याचा पुरावा म्हणून लावायचे. एक सरकारी खातं वाटतंय, दुसरं सरकारी खातं जप्त करतंय.

आणखी एक, हे आमच्या सांगलीकरांनी मिरवण्यासारखं आहे. अमेरिकेने २००३नंतर मदतीला अट घातली की वेश्याव्यवसायाला विरोध असल्याची लेखी प्रतिज्ञा करा. संग्रामने २००५ला अमेरिकेचा पैसा नाकारला.

---

शून्य_प्रहर | रविवार, रात्री ९.४५

आकड्यांबद्दल कोणीच बोललं नाही. धोरण आकड्यांवर चालतं आणि आपला आकडा बरीच वर्षं चुकलेला होता.

२००६ला संयुक्त राष्ट्रांच्या एड्स संस्थेने जाहीर केलं, भारतात ५७ लाख लोक एचआयव्हीसह जगतात. दक्षिण आफ्रिकेलाही मागे टाकलं म्हणून जगभर मथळे झाले. जुलै २००७ला तोच आकडा २५ लाख झाला. निम्म्याहून जास्त लोक एका पत्रकार परिषदेत नाहीसे. औषधाने नाही, मोजणी सुधारल्याने.

झालं असं होतं, की आधीचा अंदाज मुख्यतः सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर बायका आणि गुप्तरोगाच्या दवाखान्यात येणारे लोक यांच्या तपासणीवर बेतलेला. आणि सरकारी दवाखान्यात, त्यातही मोठ्या इस्पितळात, कोण येतं? खासगी डॉक्टरांनी हात वर केलेले. त्यावरून सगळ्या जिल्ह्याचा आकडा काढला तर फुगणारच. २००५-०६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्यांदाच घरोघरी जाऊन एक लाखाहून जास्त लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा प्रमाण ०.२८ टक्के निघालं. मग सगळं गणित नव्याने मांडलं.

याचा धोरणावर परिणाम झाला. सामान्य जनतेत सगळीकडे पसरलेली साथ अशी जी भीती होती ती गेली आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या २००७पासूनच्या तिसऱ्या टप्प्यात पैसा जिथे लागण खरंच जास्त आहे तिथे वळला: वेश्यावस्त्या, समलिंगी पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे, ट्रकवाले, स्थलांतरित मजूर. रोखठोक, तुमची सगळ्यांची सक्तीची तपासणी म्हणजे ९९ टक्क्यांहून जास्त किट निगेटिव्ह बघायला खर्च.

आज देशात २५ लाखांच्या आसपास लोक आहेत. संख्येने महाराष्ट्र पहिला, प्रमाणाने मिझोराम.

---

रोखठोक | रविवार, रात्री १०.०२

किटच्या हिशेबाचा मुद्दा मान्य. बावीस वर्षांच्या मुलीचा मुद्दा मी सोडत नाही.

---

माणदेशी | रविवार, रात्री १०.३०

सोडू नका. मीही सोडलेला नाही.

---

फार्मा_चाळकरी | सोमवार, सकाळी ७.५५

ताई, तुमच्या पहिल्या दोन वह्यांच्या मधली गोष्ट मी सांगतो, कारण ती आमच्या धंद्यातली आहे.

१९९६पासून तीन औषधं एकत्र दिली की रोगी जगतो हे माहीत होतं. वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर. फेब्रुवारी २००१ला मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी जाहीर केलं, की तीच तीन औषधं 'सीमारहित डॉक्टर' संस्थेला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देतो. दिवसाला एक डॉलरही नाही. स्टॅव्हुडिन, लॅमिव्हुडिन, नेव्हिरापिन, तिन्ही एकाच गोळीत, सकाळी एक संध्याकाळी एक. हे जमलं कारण १९७०च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधाच्या कृतीवर पेटंट होतं, औषधावर नव्हतं. वेगळ्या रीतीने बनवा आणि विका. २००५ला तो कायदा बदलला, पण तोवर हे मूळ औषधांचं त्रिकूट सुटून आलं होतं.

एक गोष्ट मला अजून टोचते. सिप्लाची कचेरी तेव्हा मुंबई सेंट्रलला. तिथून जेजे पायी जाण्याच्या अंतरावर. गोळी मुंबई सेंट्रलहून आफ्रिकेला पोचली, पण जेजेत फुकट मिळायला १ एप्रिल २००४ उजाडला. देशात आठ केंद्रं, सहा राज्यं आणि दिल्ली. स्वस्त असली तरी महिन्याला हजार-दीड हजार रुपये, आणि जन्मभर. तुमचा ट्रक ड्रायव्हर ते कुठून देणार होता?

२००चा नियम का होता? शास्त्र अगदी अज्ञानी होतं असं नाही. गोळ्या कमी, केंद्रं कमी, जुन्या गोळ्यांचे दुष्परिणामही वाईट: स्टॅव्हुडिनने गाल बसायचे, पायात आग व्हायची. म्हणून जो सगळ्यात आजारी त्याला आधी. रांगेचा नियम होता तो.

---

जोबर्गची_जाई | सोमवार, दुपारी १२.१०

फार्मा_चाळकरी, तुमची ती गोळी जिथे पोचली तिथून लिहिते आहे. २००८ला नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले.

इथला इतिहास ऐकला की आपला बरा वाटायला लागतो. राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी यांना एचआयव्हीने एड्स होतो हेच मान्य नव्हतं. आरोग्यमंत्री बाई बीट, लसूण आणि लिंबू खायला सांगत होत्या. २०००च्या दरबानच्या जागतिक परिषदेत एन्कोसी जॉन्सन हा अकरा वर्षांचा एचआयव्हीग्रस्त मुलगा व्यासपीठावरून म्हणाला, की आयांना औषध द्या. पुढच्या वर्षी तो गेला. 'ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन'वाले लोक कोर्टात गेले, तेव्हा कुठे २००२ला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सरकारला गरोदर बायकांना नेव्हिरापिन द्यायला लावलं. हार्वर्डच्या संशोधकांनी नंतर हिशेब मांडला की त्या उशिरामुळे तीन लाखांहून जास्त माणसं गेली.

आमच्याकडे भाजी विकणाऱ्या मावशी 'एचआयव्ही पॉझिटिव्ह' असा मोठ्या अक्षरांचा टी-शर्ट घालून बसतात. त्या मोहिमेचाच टी-शर्ट. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी दचकले, मग स्वतःचीच लाज वाटली. महाराष्ट्रात असा शर्ट घालून कोणी मंडईत बसलेलं मी कल्पनेतही बघू शकत नाही.

---

वकिलीणबाई | सोमवार, दुपारी ४.४०

जाई, टी-शर्ट नाही, पण आपल्याकडे २०१७चा कायदा आहे. १० सप्टेंबर २०१८पासून लागू. संमतीशिवाय तपासणी नाही, संमतीशिवाय कोणाला सांगायचं नाही, नोकरी-शाळा-भाड्याचं घर-विमा यांत भेदभाव नाही. शंभर माणसं असलेल्या आस्थापनेत तक्रार अधिकारी हवा, दवाखाना असेल तर वीस माणसांनाच. राज्याने लोकपाल नेमायचा. १९८९च्या विधेयकाशेजारी ठेवून वाचा, दोन वेगळ्या देशांचे कायदे वाटतात.

त्यात एक मेख आहे. उपचार देणं हे सरकारवर 'शक्य तितक्या प्रमाणात' बंधनकारक आहे. या तीन शब्दांविरुद्ध संस्थांनी बरीच ओरड केली, संसदेने ऐकलं नाही. त्याचा अर्थ काय ते २०२२ला दिसलं. डोल्युटेग्रॅव्हिर या एचआयव्हीच्या औषधाचा तुटवडा झाला, महिन्याच्या गोळ्यांऐवजी चार-आठ दिवसांच्या हातावर ठेवायला लागले. दिल्लीत नॅको, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कचेरीबाहेर लोक चाळीसहून जास्त दिवस बसले होते. डॉमनिकला ६४ दिवस सरकारने आत ठेवला होता, हे सरकारच्या दारात येऊन बसले.

---

माणदेशी | सोमवार, रात्री ९.१५

किती जणांनी किती लिहिलंत. एकेकाला उत्तर देत बसत नाही, एकच भर घालते.

'वाट पाहू नये' मागचं शास्त्र. २०११ला एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा निकाल आला. जोडप्यातल्या एकालाच एचआयव्ही आहे अशी जोडपी घेतली होती, त्यात आपल्या पुण्याच्या 'नारी' या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतली आणि चेन्नईच्या वायआरजी केअरमधलीही होती. पॉझिटिव्ह जोडीदाराला लवकर औषध सुरू केलं तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली. पुढच्या अभ्यासांनी तर दाखवलं की रक्तात विषाणू सापडेनासा झाला की संबंधातून तो दुसऱ्याला जातच नाही. म्हणजे ज्याला १९८९ला इतरांच्या रक्षणासाठी कोंडत होते, त्याला वेळेवर गोळ्या देणं हेच इतरांचं रक्षण.

हे मी २०१७नंतर पेशंटला सांगायला लागले तेव्हा विश्वास बसायचा नाही. एक शेतकरी म्हणाला, "बाई, पंधरा वर्षं तुम्हीच मला बायकोपासून लांब राहायला सांगितलं." खरं होतं ते.

मित्र क्लिनिकांबद्दल मेसेजमध्ये कोणी विचारलंय: हो, पुणे, कल्याण आणि हैदराबादची तृतीयपंथीयांसाठीची केंद्रं अमेरिकेने पैसा थांबवल्यावर २०२५च्या सुरुवातीला बंद झाली. सरकारी एआरटी केंद्रं (जिथे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात ती) त्या पैशावर नाहीत, ती चालू आहेत. आणि वर्षातून दोनदा घ्यायच्या त्या नव्या प्रतिबंधक इंजेक्शनचं, लेनाकापाविरचं, स्वस्त रूप भारतीय कंपन्या २०२७पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरला देणार असं जाहीर झालंय. ते आपल्याच लोकांना कधी मिळणार, हे मुंबई सेंट्रल ते जेजे किती वेळ लागला त्यावरून ओळखा.

---

नवा_सदस्य_४१ | मंगळवार, रात्री ११.५०

दोन दिवस वाचतोय. खाते यासाठीच काढलं. भावाला मार्चमध्ये कळलं. गोळ्या लगेच सुरू झाल्या, रोज घेतो. घरी फक्त आई, मी आणि तो. आईने त्याचं ताट-वाटी-तांब्या वेगळा केलाय, कपडे वेगळे धुते. तिला डॉक्टरांनी सांगितलं तरी पटत नाही. टीव्हीवर पूर्वी बघितलंय म्हणते, एड्स म्हणजे मरण. काय करू?

---

माणदेशी | बुधवार, सकाळी ६.३०

दादा, आधी हे की भाऊ गोळ्या चुकवत नाही ना? मग निम्मं काम झालंय. सहा महिने झाले की व्हायरल लोड, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते तपासतात, फुकट असतं, एआरटी केंद्रात त्याची तारीख विचारा. रिपोर्ट आला की तो आईला दाखवा, स्वतः वाचून दाखवा. त्याच दिवशी आईला केंद्रात घेऊन जा आणि समुपदेशकाला सांगा की वेगळं बोलायचंय. नाहीतर १०९७ला फोन करा, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलतात. आईवर चिडू नका. तिला जे भीतीचं शिकवलं ते आम्हीच शिकवलं होतं, भिंतींवर कवट्या रंगवून.

---

नवा_सदस्य_४१ | तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी १.२०

रिपोर्ट आला. 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' लिहिलंय, म्हणजे विषाणू सापडला नाही. आईला वाचून दाखवला, केंद्रातही नेली, मॅडम पाऊण तास बोलल्या. आई घरी आल्यावर भावाच्या डोक्यावरून हात फिरवून रडली. कपडे आता एकत्र धुते. ताट अजून वेगळंच आहे.